पेटीमास्तरांच्या हनुवटीखालचा पट्टा

मित्रांनो, जरा जवळ या, कारण माझा आवाज लहान आहे. मी एक जुना पट्टा आहे. हेल्मेटचा; हनुवटीखाली बसतो ना, तो. दोन बोटं रुंद आणि आता कडेला उसवलेला. माझ्या हेल्मेटच्या लालचुटुक रंगाचं सगळ्यांनी कौतुक केलं, माझ्याकडे मात्र कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

कारखान्यात मला घट्ट विणलं आणि टोकाला खटका बसवला. तो लागला की 'टच्' असा आवाज होई. देवाने मला एवढा एकच सूर दिला होता. तो रोज लागावा, एवढीच माझी इच्छा.

पण मी पडलो पेटीमास्तरांच्या पदरी! डोंगरातल्या गावोगावी फटफटीवरून फिरून ते वाजवायच्या पेट्या दुरुस्त करत. किक मारली की ओठांवर देवाचं गाणं सुरू, ते गिऱ्हाइकाच्या दारातच थांबे. हेल्मेट घालत, पण मला मोकळा सोडत. मग वाऱ्यावर फडफडत मी त्यांच्याच गालावर चापट्या मारी.

"अहो, पट्टा लावा," त्यांची बायको दारातून ओरडे.

"अगं, हा टोचतो. आणि गळा आवळला की वरचा सूर लागत नाही."

"मग खालचा लावा!"

"देव काय म्हणेल?"

"देव म्हणेल, बेसूर आलास तरी चालेल, पण इतक्या लवकर नको येऊस!"

एके दुपारी तिने एका मोडक्या पेटीच्या खोक्यातलं मखमली अस्तर काढलं आणि बारीक टाके घालून माझ्यावर चढवलं. मास्तरांनी मला बांधून पाहिलं, तोंड वर करून वरचा सूर लावला. लागला की हो!

"टोचत नाही गं मुळीच!"

तेव्हापासून रोज 'टच्' झाल्याशिवाय ती दारातून हलत नसे.

आता त्या सकाळची गोष्ट. मास्तरांना एक खोड होती. लांबलचक सूर धरला की त्यांचे डोळे आपोआप मिटत. घरात ठीक आहे हो! पण त्या दिवशी तो सूर नेमका घाटातल्या सातव्या वळणावर आला आणि तिथे कड्यावरून खडी सांडली होती. चाक घसरलं. फटफटी एकीकडे, आम्ही दुसरीकडे. एक आपट, पुन्हा एक. हेल्मेट निसटू पाहत होतं आणि पुढे दगड वाट पाहत होता. माझा एक टाका उसवला, दुसरा उसवला. मी जीव खाऊन हनुवटी धरून ठेवली. हेल्मेटला तडा गेला. मग सगळं शांत. मास्तर हलेनात. माझ्याखाली गळ्याची शीर तेवढी उडत होती. मी तीच मोजत बसलो.

मागून आलेला ट्रकवाला धावला. "मास्तर! ओ मास्तर! काहीतरी बोला!"

मास्तरांनी एक डोळा उघडला. "कुठवर आलो होतो रे मी?"

"सातव्या वळणापर्यंत."

"ते नव्हे रे, गाण्यात!"

ट्रकवाला हसता हसता रडला. मास्तरांचं खांद्याचं हाड मोडलं होतं, पण डोकं शाबूत होतं.

दवाखान्यातून घरी पोहोचवल्यावर तो म्हणाला, "काकू, देवानेच वाचवलं."

तिने माझ्या तुटलेल्या टाक्यांवरून बोट फिरवलं. "देवानेच. त्याच्या हाताला हा पट्टा लागला, एवढंच." मग ती पदराने डोळे पुसून मास्तरांकडे वळली. "आणि तुम्ही! उघड्या डोळ्यांनी गायला काय होतं?"

तडा गेलेलं हेल्मेट पुन्हा घालायचं नसतं, म्हणून आम्ही दोघं आता खिळ्यावर असतो. नवं हेल्मेट आलं. उरलेली मखमल तिने त्याच्या पट्ट्याला लावली. तो माझा धाकटा भाऊ. मास्तर आता वळणं संपेपर्यंत छोटे सूर घेतात, लांबलचक सूर सपाटीसाठी राखून ठेवतात.

मित्रांनो, डोक्यावर हेल्मेट आणि पट्टा मोकळा, म्हणजे नुसती टोपीच. तुमच्या घरी पट्टा टोचत असेल, तर त्याला मऊ करा, पण लावा. दारात कुणीतरी कान देऊन उभं असतं.

हे काय, मास्तर निघालेसुद्धा! आता तेच अंगणातून विचारतात, "ऐकलंस का गं?"

टच्.

"ऐकलं! या आता."