मुरमाचे डाग

फिल्मवाले येणार म्हटल्यावर गिरजाबाईनं पेटीतलं पांढरं लुगडं काढलं. नागपूरला दीक्षा घेताना नेसलेलं तेच. भिलाईच्या कारखान्याच्या बांधकामावर ती रोज घमेली वाहायची. पण देशाला तोंड दाखवायचं तर स्वच्छ होऊन दाखवावं, एवढंच तिच्या मनात होतं.

मुंबईचा डायरेक्टर तिला पाहून हसला. "बाई, घमेली वाहणारी रेजा कुठं अशी असते? लोकांना खरं वाटलं पाहिजे." आणि ती काही बोलायच्या आत त्याच्या माणसानं मुरमाचा लाल चिखल बादलीनं तिच्या अंगावर शिंपडला. बाजूला मुकादम उभा होता. तोंड उघडलं असतं तर काम गेलं असतं. कॅमेरा फिरला. नंतर तिनं दगडावर आपटून आपटून धुतलं, पण ते लुगडं पुन्हा पांढरं झालं नाही.

पुढच्या वर्षी त्या फिल्मला दिल्लीत राष्ट्रीय बक्षीस मिळालं. भिलाईत सेक्टर दोनच्या मैदानात पडदा बांधला. कामगारांचं खरंखुरं जीवन दाखवल्याबद्दल हा मान, असं डायरेक्टरनं माइकवर सांगितलं. पडद्यावर चिखलानं माखलेली गिरजाबाई दिसली, तशा वस्तीतल्या बायांनीही टाळ्या वाजवल्या. तिच्या अंगाची लाही लाही झाली.

मग डायरेक्टरनं तिला स्टेजवर बोलावलं. "बाई, मेडल हातात धरा, फोटो काढू."

ती तेच लुगडं नेसून आली होती, डाग पुढं दिसतील असा पदर घेऊन.

"मी काहून धरू, साहेब?" ती माइकसमोरच म्हणाली. "चिखल तुमचा होता. मेडलबी तुमीच ठेवा."