घोंगडीखालचा लांब श्वास

मित्रांनो, मी जालन्याच्या एका घरातली जुनी घोंगडी. रंगानं काळी, अंगानं खरखरीत. मला कधी कोणी मऊ म्हटलं नाही, पण माझ्या उबेला नावाजणारे पुष्कळ होते.

माझी लोकर म्हस्कू धनगराच्या मेंढ्यांची. विणकरानं मला मागावर विणलं, चिंचोक्याची खळ चढवली. मग बारा वर्षं मी रानोमाळ हिंडले. म्हस्कू लोकांच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवायचा आणि मला पांघरून निजायचा. हिच्यासारखी सोबत नाही, असं येईल त्याला सांगायचा.

पुढं मेंढरं विकली गेली, म्हस्कूही गेला. त्याची बायको सखूबाई मला घेऊन जालन्यात लेकाकडे आली. लेकाचं नाव कल्याण. तिथं फुलाफुलांची ब्लँकेटं होती. मी पोत्यात गेले. कसरीच्या किड्यांनी माझा एक कोपरा खाल्ला, तरी कोणाला पत्ता नाही.

कल्याण कामाला होता एमआयडीसीतल्या लोखंडाच्या कारखान्यात. एकदा तापून लाल झालेली सळई त्याच्या पायाजवळून सरकन गेली. इजा झाली नाही, पण तेव्हापासून तो रोज रात्री दचकून उठू लागला. छाती धडधडायची, दात आवळलेले असायचे. मग झोप येत नाही म्हणून स्वतःवरच चिडायचा. एका सकाळी मोटारसायकलवर त्याला डुलकी लागली आणि तो रस्त्याकडेच्या चारीत गेला. गुडघ्यावर निभावलं, पण त्याची बायको दैवशाला चांगलीच घाबरली.

त्या रात्री सखूबाईनं मला काढलं, झटकलं आणि लेकाच्या अंगावर घातलं. तो दचकून उठला, तेव्हा ती शेजारीच बसली होती.

"मेंढरू बिथरलं तर त्याला आवळायचं न्हाई," ती म्हणाली. "बरगडीवर हात ठिवून थांबायचं. मंग ते बराबर निवतं. तूबी पोटावर हात ठिव. झोपेच्या मागं लागू नको. श्वास तेवढा हळूहळू सोड."

त्यानं तसं केलं. दात सुटले, खांदे सैल पडले, गार पडलेले तळपाय ऊन झाले. मला सगळं कळत होतं.

एका रात्रीत काही जमलं नाही. पण पंधरा दिवसांनी, सुट्टीच्या सकाळी, ऊन दारात आलं तरी कल्याण घोरतच होता. दैवशालानं दोनदा चहा गरम केला आणि उठवू का म्हणून विचारलं.

"झोपू दे त्याला. आपुनच पिऊ," सखूबाई म्हणाली. दोघी तोंडाला पदर लावून किती वेळ हसत होत्या!

अजूनही त्याला कधीमधी जाग येते, पण आता तो भीत नाही.

मित्रांनो, घरात माझ्यासारखी कोणी असेल तर तिला अधूनमधून ऊन दाखवा. आणि रात्री जाग आली तर आपल्याच जिवावर रागावू नका. तो भ्यालेला असतो. त्याला जरा मायेनं घ्या.