बाटली सांडली नव्हती

स्वरदाला पळायची सवय बाराव्या वर्षापासून. इचलकरंजीत ती शाळेकडून खो-खो खेळली, मग कॉलेजकडून. बँकेत लागली, लग्न झालं, बदली होऊन नवऱ्यासोबत लखनौला आली, तरी सकाळचं पळणं सुटलं नाही. दिवस राहिल्यावर पाचव्या महिन्यात तिने पळणं आपणहून थांबवलं आणि चालणं सुरू केलं. रोज पाऊण तास, शिवाय खुर्चीला धरून उठाबशा. सासूबाई, माणिकताई, बाळंतपणासाठी कराडहून आल्या तेव्हा हे बघून त्यांच्या जिवाची घालमेल झाली.

"अगं, एवढं पोट घेऊन उठाबशा?"

"डॉक्टरांना विचारलंय, आई."

माणिकताई नुसती खुर्ची धरून उभ्या राहिल्या. त्यांचा स्वभावच कमी बोलण्याचा.

नोव्हेंबरात आर्या झाली. साडेतीन किलोची, नॉर्मल डिलिव्हरी, काही टाके. माणिकताईंनी डिंकाचे लाडू केले, शेक दिला, तेल लावलं. स्वरदाने सगळं मुकाट्याने करून घेतलं आणि महिने मोजत राहिली. बँकेची सुट्टी मेपर्यंत होती. मार्चच्या मध्यावर, आर्या चार महिन्यांची झाल्यावर, एका सकाळी तिने बूट चढवले आणि जानकीपुरमच्या पार्कात गेली.

पहिली फेरी ती चालली. दुसऱ्या फेरीत पळायला लागली. पाय जड होते, पण श्वास पुरत होता. गुलमोहराजवळच्या वळणावर तिला मांड्यांना काहीतरी गरम लागलं. कळ आली नव्हती, लघवीची घाई झाली नव्हती. ती थांबली. बाकावर कपालभाती करत बसलेल्या बायका तिच्याकडे पाहत नव्हत्या. तिने अंगातलं जॅकेट काढून कमरेला बांधलं आणि घरी आली.

"काय गं, ओली कशानं?" दार उघडताना माणिकताईंनी विचारलं.

"पाण्याची बाटली सांडली."

दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. धैर्यशीलने, तिच्या नवऱ्याने, ऑफिसला निघताना विचारलं, "रनिंगचं काय झालं?" ती म्हणाली, "आर्या रात्री झोपू देत नाही, यार." हळूहळू तिने पाणी पिणंही कमी केलं. शिंक आली की ती मांडीवर मांडी टाकून बसायची. मे महिन्यात काउंटरवर बसायचं कसं, याचा तिने विचार केला आणि सोडून दिला.

माणिकताई हे सगळं बघत होत्या. आठवडाभराने, आर्याला न्हाऊ घालून झाल्यावर त्या सहज म्हणाल्या, "त्या दिवशी बाटली सांडली नव्हती ना?"

स्वरदा टॉवेलची घडी घालत होती. तिने नकारार्थी मान हलवली.

"होतं असं बायकांना. सवय होते."

"सवय?" स्वरदाचा आवाज चढला. "मी एकतीस वर्षांची आहे, आई. मी नऊ महिने व्यायाम केलाय. मला का सवय व्हावी?"

 माणिकताई स्वयंपाकघरात गेल्या आणि भाजी चिरत बसल्या.

स्वरदाने त्याच संध्याकाळी शोधाशोध केली. बाळंतपणानंतरचे व्यायाम शिकवणाऱ्या एक फिजिओथेरपिस्ट, नाज़िया रिज़वी, आलमबागेत बसतात असं समजलं. गुरुवारची वेळ मिळाली. आर्याला सांभाळायला माणिकताईही बरोबर निघाल्या.

नाज़िया चाळिशीच्या होत्या. त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि एकेक प्रश्न विचारला. खोकताना होतं का? जिना चढताना? उडी मारताना? स्वरदाने हो-नाही अशी उत्तरं दिली. मग तिने मनातलं विचारलं, "मैं तो पूरे टाइम एक्सरसाइज़ करती रही। फिर भी?"

"आपने पैरों की की, कमर की की। नीचे की मांसपेशी की किसी ने बताई ही नहीं होगी," नाज़िया म्हणाल्या. टेबलावरचं कमरेच्या हाडांचं मॉडेल त्यांनी जवळ ओढलं आणि तळाशी झोळीसारखा ताणलेला स्नायू बोटाने दाखवला. बाळाचं वजन त्याने पेललं होतं, बाळ त्यातूनच बाहेर आलं होतं. तो सैल पडला होता, पण सरावाने पुन्हा आवळता येतो, असं त्यांनी सांगितलं. आणि पाणी कमी प्यायचं नाही, हेही.

तेवढ्यात मागच्या खुर्चीतून आवाज आला.

"मेरे को भी होता है."

स्वरदा वळली. माणिकताई आर्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, नजर मॉडेलवर.

"कब से, आंटी?"

"लड़का हुआ तब से. तैंतीस साल."

तेहेतीस वर्षं, म्हणजे धैर्यशीलच्या जन्मापासून. स्वरदाला आठवलं, सासूबाई लग्नकार्यात कोपऱ्यातली खुर्ची धरून बसायच्या, लांबच्या प्रवासाला नको म्हणायच्या. घरातले सगळे म्हणायचे, त्यांना माणसांत रमत नाही.

नाज़ियांनी दोघींना वेगवेगळं तपासलं आणि एकच व्यायाम सांगितला. लघवी आणि वारा दोन्ही अडवायचे असावेत तसा तो स्नायू आत ओढायचा, पाच आकडे धरायचा, श्वास न कोंडता, मग पूर्ण सोडायचा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं. निदान तीन महिने.

निघताना माणिकताई दारात थांबल्या. "तब आती, तो ठीक होता?"

नाज़िया म्हणाल्या, "शायद हाँ, आंटी. काफ़ी हद तक."

 पुढचे दोन दिवस माणिकताईंनी व्यायामाला हातही लावला नाही. स्वरदाने एकदा आठवण केली तर म्हणाल्या, "राहू दे गं." तिसऱ्या दिवशी दुपारी स्वरदा आर्याला निजवून बाहेर आली, तेव्हा त्या चटईवर पाठ टेकून, गुडघे वर करून पडल्या होत्या. ओठ हलत होते. पाचपर्यंत मोजणं चाललं होतं. स्वरदा शेजारी आडवी झाली.

एप्रिलच्या एका रविवारी जेवताना धैर्यशीलने विचारलं, "आई, तू दर गुरुवारी आलमबागेत कशाला जातेस?"

माणिकताईंनी त्याच्या पानात पोळी वाढली आणि सांगितलं. आडपडदा न ठेवता, तूप हवंय का विचारावं तशा आवाजात. धैर्यशीलचा घास हातातच राहिला.

"मला कधी बोलली नाहीस."

"तुझ्या बाबांनाही बोलले नाही. मला वाटायचं, बाई आहे म्हणजे हे असणारच."

 धैर्यशील उठून पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि आईचं भांडं भरलं.

मे महिन्यात स्वरदा हज़रतगंजच्या शाखेत रुजू झाली. जूनच्या अखेरीस नाज़ियांनी तिला पळायची परवानगी दिली. आधी एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं. ऑगस्टमध्ये ती सलग दोन फेऱ्या पळाली आणि कोरडी घरी आली. माणिकताईंचं तेवढं झालं नाही. खोकताना थांबलं, मोठी शिंक आली तर अजून थोडं होतं. नाज़ियांनी आणखी सहा महिने व्यायाम सांगितला आहे. कराडला परतल्यावरही त्या तो करतात. धाकट्या बहिणीला, उल्काला, त्यांनी फोनवर तो शिकवला. तिला दोन मुलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "पाच आकडे म्हणजे सावकाश मोजायचे ना?"