ताईच्या उजव्या पोटरीतली मी

मी ताईच्या उजव्या पोटरीतली एक पेशी बोलतेय. केसाहून बारीक आहे, पण चांगली बोटभर लांब. कातडीतल्या पेशी म्हणजे महिनाभराच्या पाहुण्या. आज आल्या, उद्या झडल्या. आम्ही स्नायूतल्या मात्र जन्माच्या. त्यामुळे ताईबद्दल मला जेवढं माहीत आहे तेवढं तिच्या सख्ख्या भावालाही नाही.

ताई कपडे शिवायची. एकोणिसाव्या वर्षी ती पायमशीनवर बसली, तेव्हा हा धाकटा भाऊ वर्षाचा होता. रडायला लागला की ती त्याला पॅडलवर बसवायची आणि त्याच्यासकट शिवत राहायची. म्हणजे त्याचा पाळणा आम्हीच हलवला. ते ओझं वाढत गेलं हेही आम्हालाच ठाऊक.

आता आमच्या घरची रीत सांगते. ताई जेवली की रक्तातून इन्सुलिन नावाचा निरोप्या येतो. मोठा अदबशीर. आत पाऊल टाकत नाही, बाहेरची कडी वाजवतो एवढंच. पुढचं काम आतल्या मंडळींचं. पहिला दुसऱ्याला कोपर मारतो, दुसरा तिसऱ्याला. असं करत निरोप पार आतल्या खोलीत पोचतो, आणि तिथे ठेवलेल्या साखरेच्या खिडक्या उठून भिंतीवर येऊन बसतात. साखर आत. तरुणपणी ताईची भांडी घासून होईपर्यंत आमच्या खिडक्या उघडलेल्या असायच्या.

चाळिशीनंतर मंडळी जड झाली. निरोप्या कडी वाजवतोय, पहिला म्हणतो, "ऐकलं, ऐकलं," आणि पुन्हा पेंगतो. वाटेत चरबीचे गोळे अडगळीसारखे पडलेले. शेजारच्या म्हाताऱ्या पेशी कारण नसताना बोंब मारणार, आणि त्या गलक्यात खरा निरोप हरवणार. मग रक्तातून आणखी निरोपे यायचे. एकाचं ऐकलं नाही, तिथे दहांचं कोण ऐकतो?

पण आम्हाला मागचं दार आहे. पोटरी आवळली, सैल झाली, की आत वेगळीच घंटा वाजते आणि निरोप्याची वाट न बघता खिडक्या उघडतात. ताई दिवसभर पॅडल मारायची, म्हणून आमचा बहिरेपणा झाकला गेला. झाकली मूठ.

भाऊ मोठा होऊन रंगारी झाला. स्वभावाने उतावळा. एक भिंत वाळायच्या आत दुसरा हात मारणारा. ताई त्याला घाईचंद म्हणायची. ताईच्या पन्नाशीला त्याने हाताशी बटण असलेली विजेची मोटर आणली, तिला न विचारता मशीनला बसवली आणि पॅडलचा चामडी पट्टा काढून खणात टाकला.

"ताई, आता पाय वर घेऊन बस. राणीसारखी."

"राणी काज-बटण करते होय रे?"

पण हसली. आम्हीही हसलो. तीस वर्षांनी सुट्टी मिळाली होती. नव्याचे नऊ दिवस गेले आणि ताईला थकवा यायला लागला. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं.

"साखर वाढलीय. वय झालं की स्नायू निरोप नीट ऐकत नाहीत. पाय चालते ठेवायला हवेत. दिवसभर काय करता?"

"बसते," ताई म्हणाली आणि पटकन भावाकडे बघितलं.

त्याचं लक्ष वर होतं. "बाई, हा रंग कोणी दिला हो? पोपडे धरलेत."

मोटर काढ म्हटलं तर याचं तोंड उतरणार, हे ताईला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला तशी तिने खणातून पट्टा काढला, चाकावर चढवला आणि पॅडल मारायला लागली. आमची पहिल्या तासात बोंब झाली, पण घंटा वाजली, खिडक्या उघडल्या. जिन्यात त्याची पावलं वाजली की ती पट्टा उतरवून खणात टाकायची, मोटर सुरू करायची आणि पाय वर घेऊन राणी व्हायची. असं चार वर्षं.

एकदा पट्टा काढायचा विसरली. मोटर फिरली, आणि खाली पॅडल एकटंच वरखाली व्हायला लागलं.

"ताई, हे आपोआप कसं हलतंय?"

"सवय आहे त्याला. तीस वर्षांची सवय अशी जाते होय?"

त्याला पटलं. बिचाऱ्याला ताईचं सगळंच पटायचं.

साखर ताब्यात आली. डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या, "काय जादू केलीत?" ताई म्हणाली, "भावाने मोटर आणलीय ना." एवढं धादांत खोटं मी तिच्या तोंडून दुसरं ऐकलं नाही.

आज सकाळी, अर्धी बाही शिवून झाली असताना, ताईचं हृदय थांबलं. ते खातं वेगळं. त्याने आम्हाला विचारलं नाही. शेजाऱ्यांनी तिला उचलून पलंगावर निजवलं आणि भावाला बोलावणं पाठवलं. तो हातावरच्या ओल्या रंगासकट आला.

तेव्हापासून तो ताईच्या पायाशी बसून पोटरी दाबतोय. त्याला चार वर्षांपूर्वीचं डॉक्टरीणबाईंचं बोलणं आत्ता ऐकू आलंय. निरोप पोचायला कधीकधी असा वेळ लागतो, माझ्याकडेही लागायचा. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतोय, "मी तिचे पाय बंद केले."

नाही रे. आमचे कान मोटर यायच्या दहा वर्षं आधीच गेले होते. आणि पाय तर आज सकाळपर्यंत चालू होते.

त्याने दाबलं की माझ्या आत घंटा वाजते. खिडक्या उघडतात, बाहेर कोणी नसतं. सवय आहे आम्हाला. ताई गेली तरी आम्ही स्नायूतल्या तास-दोन तास मागे राहतो. त्यातला बराच वेळ गेला. मला तोंड नाही आणि कडी आतून वाजवता येत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतेय. तुमच्यापैकी कोणी त्या खोलीत गेलात तर घाईचंदला जरा उठवा. वाकून मशीनखाली बघ म्हणावं. पट्टा चाकावरच आहे. आज तिला तो काढायला सवड मिळाली नाही.