गावापुरता पहिला

“अजून मोठं लिही, ओडिल. सायकल हाणताना त्यांना स्वतःच्या पुढच्या चाकापलीकडे काही दिसत नाही,” बेकरीवाला फेर्नां चुन्याची बादली धरून म्हणाला.

“मोठंच लिहितेय,” मी म्हणाले. “रस्ता पुरत नाहीये.”

“मग ‘शाब्बास’ खोड. नुसतं नाव राहू दे.”

म्हणून चर्चसमोरच्या वळणावर नुसतं नाव राहिलं. रेजिस. माझा धाकटा भाऊ. त्या जुलैत टूर द फ्रान्स आमच्या मोंशाव्हेलमधून जाणार होती आणि रेजिसची ती शेवटची टूर होती. हिवाळ्यात तो साखर कारखान्यात बिटाच्या वजनकाट्यावर कायमचा लागणार होता. त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी साखरेचे नमुने तपासत असे.

बारा वर्षं रेजिस व्यावसायिक शर्यतींत उतरला आणि एकही जिंकला नाही. जिंकणं त्याच्या कामात बसतच नव्हतं. गाद्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या संघात तो होता आणि संघाचा नायक व्हेरमेल नावाचा बेल्जियन होता. रेजिसने नायकाच्या पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, मागे संघाच्या गाडीपर्यंत जाऊन पाण्याच्या बाटल्या आणायच्या, नायकाचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं आणि रस्त्याकडेला दुसऱ्या चाकाची वाट बघत उभं राहायचं. दुसऱ्याच्या आडोशाने चालवणाऱ्याचे जवळपास एक तृतीयांश कष्ट वाचतात. ते वाचलेले कष्ट दुसऱ्या कुणीतरी केलेले असतात, हे निकालात कुठे येत नाही.

वर्तमानपत्रात तो एकदाच आला. फोटो व्हेरमेलचा होता, त्याच्या खांद्यामागे एक कोपर दिसत होतं. आईने तो फोटो कापून स्वयंपाकघरात लावला. आल्यागेल्याला ती सांगायची, “हे कोपर आमच्या रेजिसचं.”

तिला स्वतःला मात्र तो शर्यतीत कधी दिसला नव्हता. शर्यत जवळपासच्या कुठल्याही रस्त्याने जाणार असली की बसने आम्ही दोघी जायचो, सकाळपासून उभ्या राहायचो, आणि मग रंगांचा एक लोंढा सूं करून जायचा.

“गेला?” आई विचारायची.

“गेला.”

“कुठला गं?”

“डावीकडचा. निळा.”

“सगळेच निळे होते.”

परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसायची. तक्रार करायची नाही. एकदा फक्त म्हणाली, “बारा वर्षं मुलगा काय काम करतो ते मला माहीत नाही. कोपर तेवढं बघितलंय.”

त्या वर्षी मात्र तो तिला दिसणार होता, कारण सायकलस्वारांची एक जुनी रीत आहे. शर्यत एखाद्याच्या गावातून जात असेल, तर तो घोळक्यातल्या दोन-तीन बड्यांकडे परवानगी मागतो. त्यांनी मान हलवली की त्याला गावापुरतं पुढे सोडतात. तो घरच्यांना भेटतो, गालाला गाल लावतो, आणि घोळका येताच पुन्हा त्यात मिसळतो. त्या मोकळिकीचा फायदा घेऊन जो पळून जाईल, त्याच्याशी पुढे कुणी बोलत नाही. रेजिसला परवानगी मिळाली होती. आदल्या संध्याकाळी त्याने बेकरीत फोन केला होता, “आईला वळणावर उभी कर. बाकी कुठे नको.”

आई सकाळीच येऊन उभी राहिली. निळा एप्रन, वर केस नीट बसवलेले. पण दुपारी तिला घरी ठेवलेली साखरेची टार्ट, आमच्याकडचा गोड भाजलेला पाव, आठवली. रेजिसच्या हातात ती गरमच द्यायची होती.

“आई, आता कुठे जातेस?”

“आत्ता येते. ही पोरं कधी वेळेवर आलीत का?”

आमचं घर कालव्यापलीकडे होतं, उचलायच्या पुलाच्या पलीकडे. आता तिथे काँक्रीटचा पूल आहे आणि तो उचलला जात नाही. त्या दिवशी सकाळपासून पश्चिमेचा वारा होता, म्हणजे सायकलस्वारांच्या पाठीमागून. वर्तमानपत्रात छापलेल्या सगळ्यात लवकरच्या वेळेच्याही आधी पहिल्या मोटरसायकली वळणावर आल्या. त्यांच्यामागे, रिकाम्या रस्त्यावर, रेजिस एकटा.

लोक ओरडायला लागले. चुन्यात लिहिलेल्या स्वतःच्या नावावरच त्याने ब्रेक लावला.

“काय रे, बारा वर्षांनी पहिला आलास, तोही माझ्या दुकानापर्यंत!” फेर्नां म्हणाला.

“मग बक्षीस म्हणून पाव तरी फुकट दे!” रेजिस हसत होता. त्याने गाल माझ्या गालांना लावले. घाम वाळून चेहऱ्यावर मीठ आलं होतं. “आई कुठंय?”

मी कालव्याकडे जाणाऱ्या गल्लीच्या टोकाकडे बघितलं. पूल वर उभा होता. खालून वाळू वाहणारी एक लांबलचक बोट, बार्ज, सरकत होती, आणि पलीकडच्या काठावर, दोन्ही हातांत ताट धरून, आई.

“तुला टार्ट गरम द्यायची होती तिला,” मी म्हणाले.

“अरे देवा.”

फेर्नां कालव्याकडे धावला आणि दोन्ही हात हलवून बार्जवाल्याला घाई करायला लागला. बार्जवाल्याने टोपी काढून उलट हात हलवला. गाव आपलं स्वागत करतंय असं त्याला वाटलं असावं.

मग तो आवाज आला, शेकडो साखळ्यांचा. रेजिस भिंतीला चिकटून उभा राहिला. घोळका वळण घेऊन गेला. “कोद्रों, चल!” व्हेरमेलने त्याला आडनावाने हाक मारली. रेजिसने एक पाय पेडलवर ठेवला, गल्लीच्या टोकाकडे बघितलं, आणि पाय परत जमिनीवर टेकवला.

त्यांच्यामागून संघाची गाडी आली, थांबली. संचालकाने काच खाली केली.

“पंक्चर?”

“नाही.”

“पडलास?”

“नाही. आई येतेय.”

“काय?”

रेजिसने बोट दाखवलं. संचालकाने पूल बघितला, पलीकडची बाई बघितली, तिच्या हातातलं ताट बघितलं.

“वारा मागून आहे, कोद्रों. हे असे सुटलेत, ते तुला एकट्याला पुन्हा सापडायचे नाहीत. वेळेच्या मर्यादेबाहेर गेलास तर घरी.”

“माहीत आहे.”

“पॅरिसची शेवटची रेषा जवळ आलीय रे. शेवटची टूर तुझी.”

“तेही माहीत आहे.”

संचालकाने खिडकीतून पाण्याची एक बाटली पुढे केली. इतकी वर्षं इतरांसाठी बाटल्या वाहणाऱ्या माझ्या भावाने ती दोन्ही हातांनी घेतली. “तुझं तू बघ,” म्हणून संचालक गेला. एकामागून एक सगळ्या संघांच्या गाड्या गेल्या.

पुलाने खाली यायला आपला नेहमीचा वेळ घेतला. आईचे गुडघे धावण्याचे राहिले नव्हते. ती आली, ताट माझ्याकडे दिलं आणि रिकाम्या रस्त्याकडे बघितलं.

“सगळे गेले की रे!”

“जाऊ देत.”

“आणि तू?”

“तुला भेटायचं होतं ना.”

“वेडा आहेस. तुझा बाप असाच होता.” तिने एप्रनच्या टोकाने त्याच्या चेहऱ्यावरचं मीठ पुसलं. “किती वाळलायस. त्या बेल्जियनला सांग, माझ्या मुलाला जेवू घाल म्हणावं.”

“आई, निघायला हवं.”

“मग नीघ ना. मी काय धरून ठेवलंय?”

तिचा एक हात सायकलच्या हँडलवर घट्ट होता. तो तिच्या लक्षात यायला एक क्षण गेला.

फेर्नांने सायकलच्या सीटला हात लावून त्याला ढकललं, आणि रेजिस गेला. तो वेळेत पोहोचला नाही. संध्याकाळी रेडिओने त्या दिवशी बाद झालेला एकमेव स्वार म्हणून त्याचं नाव घेतलं, आणि आडनाव चुकीचं उच्चारलं. दुसऱ्या दिवशी तो आगगाडीने घरी आला. पुढे वजनकाट्यावर त्याची उमर गेली. पॅरिसचा विषय त्याने काढला नाही, आम्हीही काढला नाही.

पण हे सगळं नंतरचं. तो निघाला तेव्हा आई चालत रस्त्याच्या मधोमध गेली आणि तिथेच उभी राहिली. गावाबाहेर रस्ता बिटाच्या शेतांतून सरळ जातो, दूरवर, एकाही वळणाशिवाय. त्यावर तो एकटा होता. पाठ सपाट, कोपरं आत, पाय एका लयीत, जरासुद्धा न डोलता.

“असा चालवतो होय,” ती म्हणाली. मला नव्हे, कुणालाच नव्हे.

मागून शर्यतीची शेवटची गाडी आली. थकून सोडून देणाऱ्यांना गोळा करते ती, टपाला केरसुणी बांधलेली. चालकाने हॉर्न वाजवला. आईने मागे न बघता एक हात वर केला, थांबायला सांगतात तसा. पोलीस पुढे सरसावला.

“मॅडम, बाजूला व्हा. रस्ता मोकळा हवा.”

“जरा थांबा. माझा मुलगा चाललाय.”

पोलिसाने गाडीकडे बघितलं. रेजिस आता निळ्या ठिपक्याएवढा झाला होता, पण दिसत होता.

चालकाने इंजिन बंद केलं.