लग्नाची कवळी

रविवारी चर्चमधून परतल्यावर जेसी गेमेलने शेगडीत कोळसा सारला, केटली चढवली आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले कप फडताळातून खाली काढले. होणाऱ्या विहीणबाई चहाला येणार होत्या. जेसीची थोरली मुलगी इशबेल एकोणीस वर्षांची, गालिच्यांच्या गिरणीत कामाला. तिचं लग्न रेल्वेच्या कारखान्यातल्या ह्यू रॅटरीशी जूनमध्ये व्हायचं होतं. धाकटी नेटा सहा वर्षांची. ती टेबलाखाली बसून सफरचंद कराकरा चावत होती.

मिसेस रॅटरींनी हातमोजे काढले, चहाचा एक घोट घेतला आणि मुद्द्यावर आल्या.

"मि. टॉरन्सशी बोलून आले मी. शनिवारी सकाळी दहाची वेळ दिलीय. मी स्वतः नेईन इशबेलला."

"सगळेच काढायचे?" जेसीने हळूच विचारलं.

"मग काय, दोन-चार शोभेला ठेवायचे? तुमचे नव्हते काढले? माझे अठराव्या वर्षी काढले. लग्न झाल्यापासून एका रात्री दाढ दुखली म्हणून नवऱ्याची झोप मोडली नाही मी."

बोलणं इशबेलच्या दातांचं चाललं होतं. स्कॉटलंडच्या त्या पश्चिम भागात, किलअर्डीसारख्या गिरणीच्या गावांत, १९६२ सालीही ही रीत होती. मुलगी लग्नाला आली की तिचं तोंड रिकामं करायचं. दात किडके असोत की ठणठणीत, सगळे उपटायचे, वर-खाली कवळी बसवायची आणि मग तिला सासरी पाठवायची. पुढे तिच्या दातांचा ताप नवऱ्याला नको! बाप ही भेट कौतुकाने द्यायचा, शेजारणी नव्या दातांची तारीफ करायच्या. क्रूरपणा केल्याचं कुणाच्या मनातही येत नसे, आणि म्हणूनच तो पिढ्यान्‌पिढ्या बिनबोभाट चालला होता.

खरं सांगायचं तर तिथेच खुर्चीवर बसून ऐकणाऱ्या इशबेललाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तिचा पुढचा एक दात वाकडा होता आणि फोटो काढताना ती ओठ मिटून घ्यायची. गिरणीतल्या दोन मैत्रिणी नव्याकोऱ्या पांढऱ्या दातांनी हसत फिरत होत्या. आपणही लग्नात तशाच हसू, असं तिने मनात चित्र रंगवलं होतं.

इतक्यात वडील आत आले. गॅव्हिन गेमेल कारखान्यात लेथवर काम करायचा आणि या वॉर्डाचा नगरसेवकही होता. काखेत पत्रकांचा गठ्ठा होता. त्याने एक पत्रक विहीणबाईंच्या हातात दिलं.

"गुरुवारी नगरभवनात सभा आहे. यायचं बरं का. नळाचं पाणी साफ करून घ्यायचंय आपल्याला."

"ते उंदराचं औषध?" मिसेस रॅटरींनी नाक मुरडलं. "सहा वर्षं झाली, चहाला चवच नाही. आमचा मासा मेला काचेच्या भांड्यातला."

सहा वर्षांपूर्वी किलअर्डीच्या पाण्यात फ्लोराइड मिसळायला सुरुवात झाली होती. लहान मुलांच्या दातांची कीड थांबते का, हे पाहण्यासाठी सरकारने हे गाव निवडलं होतं. ही बातमी छापून आली त्याच दिवशी चहा कडू लागतो म्हणून नगरपालिकेत तक्रारींची रांग लागली. यंत्र त्यानंतर पाच आठवड्यांनी सुरू झालं. पण हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

गॅव्हिनचा विरोध मात्र मेलेल्या माशावर उभा नव्हता. लढाईच्या काळात वाळवंटातल्या छावणीत जवानांच्या चहात काहीतरी घालतात, असं सगळे म्हणायचे. काय घालतात, ते कोणी सांगत नव्हतं. तो राग त्याच्या मनातून गेला नव्हता.

"चांगलं असो, वाईट असो," तो म्हणाला, "मला विचारल्याशिवाय माझ्या तोंडात कुणी काही घालायचं नाही. माणूस आहे मी, गोठ्यातलं जनावर नाही."

जेसीने बिस्किट चहात बुडवलं, मऊ होऊ दिलं आणि मग खाल्लं.

गुरुवारी नगरभवनात बसायला जागा उरली नव्हती. आधी बोलायला उभ्या राहिल्या शाळेच्या दातांच्या डॉक्टर, मिस इंग्लिस. हातात तक्ते होते. "गावातल्या पाच वर्षांच्या मुलांची तपासणी केली," त्या म्हणाल्या, "किडलेले दात पूर्वीच्या मानाने निम्म्यावर..."

"आमच्या पोरांवर प्रयोग करता होय!" मागून कुणी ओरडलं.

"बाई, तुम्हाला स्वतःची पोरं किती?"

हशा झाला. मिस इंग्लिस थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, पुन्हा थांबल्या. भिंतीलगतच्या बाकावरच्या बायका जमिनीवर टाचा आपटायला लागल्या. शेवटी त्यांनी तक्ते गुंडाळले आणि त्या खाली बसल्या. सगळ्या सभेला काहीतरी जिंकल्याचा आनंद झाला.

मग गॅव्हिन बोलला. तो चांगलं बोलायचा. छावणीतला चहा, विचारण्याचा हक्क, घरातल्या नळावर माणसाची सत्ता. लोकांनी टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं. इशबेललाही बापाचा अभिमान वाटला.

टाळ्या विरल्या आणि तिच्या शेजारची खुर्ची करकरली. आई उभी राहिली होती. जेसी गेमेल चारचौघांत कधी बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"माझी धाकटी सहा वर्षांची आहे," ती म्हणाली. "तिच्या तोंडात एकही किडका दात नाही. मोठीच्या तोंडात या वयात पाच होते. मला तक्ते कळत नाहीत, पण पोरी माझ्या आहेत, मी..."

"नवऱ्याला घरी सांग, जेसी!"

"गेमेल, बायको आवर!"

जेसीने आवाज चढवला. तिला ओरडायची सवय नव्हती. बोलता बोलता वरची कवळी सुटली, ओठावर आदळली आणि लाकडी जमिनीवर पडून पुढच्या रांगेखाली घरंगळली.

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग कळलं, आणि सभा फुटली. माणसं एकमेकांच्या पाठी बडवत हसत होती. मिसेस रॅटरी रुमालात तोंड लपवून हसत होत्या, आणि कवळी तर त्यांच्याही तोंडात होती. इशबेलला वाटलं, आई आता तोंड झाकून पळेल. ती स्वतःच पळायच्या बेतात होती.

जेसीने कवळीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हफा," ती म्हणाली. तिला 'हसा' म्हणायचं होतं. शब्दांमधून वारा सुटत होता, वरचा ओठ आत गेला होता, चव्वेचाळीस वर्षांची बाई सत्तरीची दिसत होती. पण ती थांबली नाही, आणि ती काय म्हणतेय ते ऐकण्यासाठी लोकांना हळूहळू गप्प व्हावं लागलं.

"मी वीस वर्षांची होते. एकोणतीस दात होते, त्यातले तीन किडके होते. उरलेले सव्वीस चांगले होते. सगळे एका सकाळी काढले. बापाने दिलेली लग्नाची भेट. चोवीस वर्षं झाली, मी सफरचंदाला दात लावलेला नाही. मांस बारीक खिमा केल्याशिवाय खाल्लं नाही. नवऱ्याने मला असं कधी पाहिलेलं नाही. आज पहिल्यांदा पाहतोय तो, तुमच्या सगळ्यांबरोबर. तुम्हाला पाणी नको असेल तर नको म्हणा. पण दात जाणं म्हणजे काय ते मला विचारा. या सभागृहात अर्ध्या बायकांना माहीत आहे. एकही बोलणार नाही."

व्यासपीठावर गॅव्हिन दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. इशबेल वाकली, खुर्च्यांखालून कवळी शोधून काढली आणि आपल्या रुमालात गुंडाळली. ती आईच्या हाताला धरून बाहेर निघाली. दारापर्यंत कुणीतरी दात वाजवल्याचा टकटक आवाज काढत होतं.

शुक्रवारी गिरणीत इशबेलच्या यंत्रमागाकडे कुणी फिरकलं नाही. तरी शनिवारी सकाळी इशबेल मिसेस रॅटरींबरोबर निघाली. नाही म्हणता येतं, हे तिला अजून सुचलंच नव्हतं. ह्यू गळपट्टा घेऊन आला होता. परत येताना तिचं तोंड झाकायला.

दातांचे डॉक्टर मि. टॉरन्स यांची खुर्ची खिडकीशी होती. शेजारी एनॅमलचं पांढरं भांडं, बऱ्यापैकी मोठं. म्हाताऱ्याने तिच्या तोंडात आरसा फिरवला.

"पाच भरलेले आहेत, पण मजबूत आहेत. बाकीचे अगदी छान. पुढचा थोडा वाकडा." त्याने सुस्कारा टाकला. "चांगले दात आहेत, वाईट वाटतं. पण ठरलंयच तर..."

"कुणी ठरवलं?" इशबेलने विचारलं.

"अं?"

"नाही, खरंच विचारतेय. मला कुणी विचारलेलं आठवत नाही."

मि. टॉरन्सने दाराकडे पाहिलं. दारात मिसेस रॅटरी उभ्या होत्या. "वेळ घालवू नकोस, पोरी. गुंगीचा वायू घेतला की कळणारसुद्धा नाही."

रबरी मुखवटा जवळ आला. त्याचा वास नाकात गेला आणि इशबेलला सभागृहातला आईचा आत गेलेला ओठ दिसला. तिने मुखवटा हाताने बाजूला सारला आणि खुर्चीतून उतरली.

"मला नाही काढायचे."

"काय?"

"दात. माझे आहेत, मी नाही काढणार."

मिसेस रॅटरींचा चेहरा लालबुंद झाला. "परवा आईने तमाशा केला, आता लेकीची पाळी! माझा मुलगा उद्या तुझ्या दाढा कुरवाळत बसणार आहे का? रॅटरींच्या घरात अशी सून कधी आली नाही."

"मग येणारही नाही," इशबेल म्हणाली. आपण काय बोलून बसलो ते तिला पायऱ्या उतरताना समजलं.

खाली ह्यू उभा होता. सगळं ऐकून तो ओशाळला. मुलगा वाईट नव्हता, फक्त त्याने कधी विचार केला नव्हता.

"अगं, सगळ्याच करतात. दोन दिवस दुखतं, मग विसरतेस."

"तुझे किती किडलेत, ह्यू?"

"असतील सहा-सात."

"मग तू का नाही काढलेस?"

"मी?" तो हसला. "मी कशाला काढू?"

त्याचं ते हसणं अगदी निष्पाप होतं, आणि तेच तिला सहन झालं नाही. तिने अंगठी काढली, त्याच्या हातातल्या गळपट्ट्यावर ठेवली आणि ती चालू लागली. कोपरा वळेपर्यंत तिने स्वतःला रडू दिलं नाही.

घरी गॅव्हिन पाण्यावर मंगळवारी नगरपालिकेत होणाऱ्या मतदानासाठी भाषण लिहीत होता. जेसी भांडी घासत होती. इशबेलने काय झालं ते सांगितलं. जेसीच्या हातातली बशी पाण्यातच राहिली.

"लग्न मोडून आलीस?" गॅव्हिन ओरडला. "आता तोंड कसं दाखवू मी गावात?"

"बाबा, तुम्ही म्हणता ना, विचारल्याशिवाय कुणी कुणाच्या तोंडात काही घालायचं नाही?"

"म्हणतोच. जन्मभर म्हणेन."

"मग विचारल्याशिवाय काढायचं तरी कसं? आईला कुणी विचारलं होतं? मला तुम्ही विचारलंत? रविवारी मी इथेच, याच खुर्चीवर बसले होते."

गॅव्हिनने जेसीकडे पाहिलं. ती पाठमोरी होती, पण तिचे खांदे हलत होते. मग त्याने लिहिलेला कागद घडी करून खिशात घातला आणि तो बाहेर निघून गेला. त्या संध्याकाळी त्याने रॅटरींच्या घरी जाऊन, आपल्या मुलीने केलं ते बरोबर केलं, असं दारातच उभं राहून सांगितलं. हे इशबेलला पुष्कळ उशिरा कळलं.

मंगळवारी नगरपालिकेत हात वर झाले. अकरा विरुद्ध आठ. पाण्यातलं फ्लोराइड बंद. अकरांत गॅव्हिन गेमेलचा हात होता. इशबेल पायऱ्यांवर त्याची वाट पाहत होती.

"मला दुसरं करता आलं नसतं," तो म्हणाला. "लोकांना विचारायला हवं होतं. अजूनही तेच म्हणतो."

"लोकांना विचारलंत, बाबा. नेटाच्या वयाच्या मुलांना कुणी विचारलं?"

"लहान मुलांना कसं विचारणार?"

"तेच म्हणते मी." तिने कोटाची बटणं लावली. "मी गिरणी सोडतेय. मिस इंग्लिसना मदतनीस हवीय, सोमवारपासून जाणार. तुम्हाला विचारत नाहीये."

मग दोघं चालत घरी गेली, एकाच रस्त्याने, पण दोन कडांनी.

यंत्र बंद झालं. चहाची चव सुधारली म्हणून गावाने आनंद मानला. पाण्याच्या टाकीत आधीचं पाणी आणखी आठवडाभर होतं, पण एवढा हिशेब करतो कोण? मिसेस रॅटरींनी ह्यूचं लग्न शेजारच्या गावात जमवलं. ती मुलगी गप्प राहणारी होती. लग्नाच्या फोटोत तिचे दात मोत्यांसारखे दिसतात.

पाच वर्षांनी एका सकाळी शाळेच्या दवाखान्यात एक आई चार वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आली. मुलाचा गाल सुजला होता, रात्रभर तो झोपला नव्हता. इशबेलने त्याचं डोकं छातीशी धरलं आणि मिस इंग्लिसनी आरसा आत घातला. पुढचे चारही दात काळे पडलेले होते, दोन दाढांना भोकं होती.

"एवढ्याशा वयात!" आई रडवेली झाली. "आमच्या मोठ्या पुतण्याचे या वयात असे नव्हते हो. काय चुकलं माझं?"

इशबेलने तिला ओळखलं. नगरभवनात भिंतीलगतच्या बाकावर हीच टाचा आपटत होती. इशबेलच्या जिभेवर शब्द आले होते. पण मूल तिच्या बाहीला घट्ट धरून होतं.

"तुमच्या एकटीचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "धरा त्याचे पाय. लवकर होईल."

सहा दात काढले. मुलाचं ओरडणं रस्त्यावर ऐकू जात होतं. दुपारी हात धुऊन इशबेल टेबलाशी बसली आणि तिने नगरपालिकेला पत्र लिहिलं: मुलाचं वय, काढलेले दात, तारीख. शेवटी एकच विनंती, पाण्याचा प्रश्न पुन्हा सभेपुढे यावा. उत्तर आलं नाही. पुढच्या आठवड्यात तशी तीन मुलं आली. तिने दुसरं पत्र लिहिलं आणि ते टपालात न टाकता, दुपारची सभा भरलेली असताना, स्वतःच्या हाताने नेऊन एकोणीस नगरसेवकांच्या मधोमध टेबलावर ठेवलं.