डावीकडचं दिसत नाही

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही सगळ्या जगाची रीत. आमच्या गावच्या चष्मेवाल्यांनी ती उलटी करून ठेवली होती. दुसऱ्याच्या पोरीने साधा पास नीट दिला तरी ते मान डोलवायचे, आणि स्वतःच्या धाकटीने तिघींना चुकवून चेंडू बास्केटमध्ये टाकला की खुर्चीखाली काही पडलंय का ते शोधायला लागायचे. आपल्या पोरीचं कौतुक आपणच करणं त्यांना फार ओशाळवाणं वाटे. हे मत वडिलांकडून आलेलं होतं आणि त्याचा नंबर त्यांनी कधी तपासून बघितला नव्हता.

धाकटी कॉलेजच्या बास्केटबॉल संघात गार्ड होती. गार्ड म्हणजे जी चेंडू आपल्या टोकाकडून पलीकडे नेते आणि तो कुणाच्या हातात द्यायचा हे पळता पळता ठरवते. संघ जिंकला की बास्केटखालच्या उंच मुलींचं नाव होतं, आणि हरला की गार्डांचा उद्धार. संघात अशा दोघी होत्या. एक नऊ नंबरची धाकटी, आणि दुसरी तिच्याहून वीतभर उंच, जिला सगळं गाव शिडी म्हणायचं.

सामना संपला की त्याची चिरफाड चष्मेवाल्यांच्या दुकानात व्हायची. निवृत्त मास्तर गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसायचे. शेजारचे औषधवाले दारात उभे राहायचे, म्हणजे एक डोळा चर्चेवर आणि एक स्वतःच्या गल्ल्यावर. तिघांपैकी कुणीही जन्मात बास्केटबॉल खेळलेलं नव्हतं. चष्मेवाल्यांना शाळेत एकदा चेंडू नाकावर बसला होता, तेवढाच काय तो तिघांचा मिळून अनुभव. पण खेळता येत नाही म्हणून मत देऊ नये, असं ठरवलं तर जगात बोलायला उरणार कोण?

मास्तरांचं म्हणणं, आपल्या गार्ड कच्च्या आहेत, चेंडू नेताना घाबरतात. औषधवाल्यांचं म्हणणं, गार्ड पक्क्या आहेत, पुढच्या मुलींच्या हातांना लोणी लागलंय. वाद रंगायचा, पण एका जागी येऊन अडायचा. पोरीचा बाप समोर बसलेला, म्हणून दोघंही धाकटीला वगळून सगळं खापर शिडीच्या डोक्यावर फोडायचे. चष्मेवाल्यांना ते खटकायचं. आपल्यामुळे चांगल्या चर्चेचा बेरंग होतोय, असं त्यांना वाटायचं.

म्हणून एका संध्याकाळी फ्रेमच्या काडीचा बारीक स्क्रू पिळता पिळता ते म्हणाले, "आमचीचंच घ्या ना. तिला डावीकडचं दिसतच नाही."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. त्यांनी असं कधी काही पाहिलेलं नव्हतं. काहीतरी दोष काढायचा म्हणून तोंडाला आला तो धंद्यातला दोष आला. चांभार असते तर म्हणाले असते, पोरीचे बूट घट्ट आहेत. पण मास्तर एकदम खुलले. सोनारानेच कान टोचले म्हणाले. औषधवाल्यांनी तर हात जोडले. बाप असावा तर असा निःपक्षपाती, हे ते ज्याला त्याला सांगत सुटले, आणि खोकल्याच्या बाटलीबरोबर ही बातमीही घरोघर गेली.

पुढच्या सामन्यापासून प्रेक्षक धाकटीच्या डाव्या बाजूच्या चुका मोजू लागले. डावीकडचा एक पास चुकला की बाकांवर कोपराने कोपर ढोसलं जाई. उजवीकडचे चुकले ते कुणी धरले नाहीत. चष्मेवाल्यांनाही या नव्या मानाची गोडी लागली होती. चहाचे दोन घोट पोटात गेले की ते स्वतःच भर घालायचे, मान वळत नाही तिची, लहानपणापासूनचं आहे. लहानपणी ती पोर डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर झाली तरी घर जागं करायची, पण ते त्यांनी सांगितलं नाही.

उपांत्य सामन्याला पुढच्या बाकावरचा एक अनोळखी माणूस मागे वळून त्यांनाच समजावू लागला. नऊ नंबरला म्हणे एका बाजूचं दिसत नाही, खुद्द तिच्या बापाने सांगितलंय, आणि बाप डोळ्यांचा मोठा डॉक्टर आहे. चष्मेवाल्यांना आयुष्यात एवढी बढती कधी मिळाली नव्हती. ती त्यांनी नाकारली नाही. तेवढ्यात धाकटीकडे चेंडू आला आणि तिने डावीकडे मोकळी उभी असलेली मुलगी सोडून उजवीकडे गर्दीत पास दिला. पोर खरंच डावीकडे जायला भ्यायला लागली होती.

अंतिम सामन्याच्या तीन दिवस आधी दुकानात चौकवाला आला. चौकात त्याचं काचेच्या दाराचं, तीन आरशांचं मोठं चष्म्यांचं दुकान होतं, आणि एवढ्या वर्षांत तो यांची पायरी कधी चढला नव्हता. आज चढला आणि उभ्या उभ्याच बोलला. तुमची धाकटी काल माझ्याकडे डोळे तपासायला आली होती. डावीकडचं पुन्हा बघा, पुन्हा बघा म्हणत होती. डोळे ठणठणीत आहेत, मी सांगितलं, पण तिला पटलं नाही. कोचला म्हणे सांगून ठेवलंय, माझा भरवसा नाही, अंतिम सामन्यात मला बसवा.

"पैसे घेतले नाहीत मी," चौकवाला म्हणाला. "पण मुलगी तुमची, आणि आली माझ्याकडे. घरी सगळं बरं आहे ना?"

टोमणा मारला असता तर चष्मेवाल्यांनी तो परत केला असता. पण माणूस मनापासून विचारत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो कसा असतो, हे त्यांना त्या दिवशी स्वतःच्याच दुकानात, शंभर चष्म्यांच्या मधोमध उभं राहून कळलं. त्यांना स्वतःची मनस्वी लाज वाटली.

ते घरी गेले तेव्हा धाकटी जेवणाच्या टेबलाशी बसली होती. उजव्या डोळ्यावर तळहात दाबून ती डाव्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. चष्मेवाल्यांनी खुर्ची ओढली आणि सांगून टाकलं, तुझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही, ते मी उगाच बोललो होतो.

"उगाच म्हणजे?"

"म्हणजे, चारचौघांत आपल्याच पोरीचं काय कौतुक करायचं, म्हणून."

धाकटीने डोळ्यावरचा हात काढला. "कोण म्हणालं ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. दुसरं कोणी म्हणालं असतं तर मी हसले असते, बाबा. तुम्ही म्हणालात, म्हणून खरं वाटलं."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मग माझ्याकडे का नाही आलीस, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, तुम्ही म्हणाला असता, बघ, मी सांगतच होतो. आणि ते अगदी तसंच म्हणाले असते.

"मग कशी खेळते मी?" तिने विचारलं.

हा माणूस दिवसभर परक्या नाकांवर फ्रेमा चढवून, तुम्हाला फारच शोभून दिसते हो, असं म्हणायचा. भोपळ्याएवढ्या तोंडालाही म्हणायचा. आता मात्र ते एवढंच म्हणाले, "बरी खेळतेस."

"मला नका सांगू," धाकटी उठत म्हणाली. "जिथे बोललात तिथे जाऊन सांगा."

तिने कोचला काय सांगितलं ते घरात कुणी विचारलं नाही. बायकोने तर सगळी हकिकत ऐकल्यावर चष्मेवाल्यांशी मीठ हवं का, एवढ्यापुरतंच बोलायचं ठरवलं होतं. पण अंतिम सामन्याला संघ मैदानात उतरला तेव्हा सुरुवातीच्या पाच जणींत नऊ नंबर होता.

आमचे चष्मेवाले मैदानाच्या डाव्या अंगाला, तिसऱ्या पायरीवर मास्तर आणि औषधवाल्यांच्या मध्ये बसले होते. त्यांनी पूर्वार्ध धीर गोळा करण्यात घालवला. उत्तरार्धात मास्तरांनी गार्डांचा विषय काढला आणि सवयीने यांच्याकडे पाहिलं. चष्मेवाले उभे राहिले. आवाज भलताच मोठा निघाला.

"आपल्या संघातली सगळ्यात चांगली गार्ड नऊ नंबर आहे. माझी मुलगी आहे ती. डावीकडचं मी उगाच म्हणालो होतो."

मग औषधवाल्यांनी समजूतदारपणे त्यांचा हात थोपटला आणि मास्तर हळहळत म्हणाले, "शेवटी बापच." इतके दिवस कमावलेला निःपक्षपातीपणा एका वाक्यात बुडाला. आणि नेमकं त्याच वेळी, कसं कोण जाणे, चेंडू घेऊन निघालेल्या धाकटीचं लक्ष उडालं. समोरच्या संघातल्या मुलीने उजवीकडून येऊन चेंडू अलगद काढून नेला आणि बास्केट केली.

सगळे वळून चष्मेवाल्यांकडे बघू लागले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मान खाली जायला लागली, खुर्ची नव्हती तरी पायरीखाली काहीतरी शोधायला. ती त्यांनी अर्ध्यातच थांबवली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने. पंचांनीसुद्धा वर पाहिलं.

सामना आपण हरलो. दोनच गुणांनी, आणि बास्केटही दोनच गुणांची असते, हा हिशेब मास्तरांनी परतीच्या वाटेवर दोनदा करून दाखवला.

घरी धाकटी गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसली होती. चष्मेवाल्यांनी तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि तिथेच घुटमळले.

"दोनदा कशाला ओरडलात, बाबा?" ती म्हणाली. "पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. तेव्हाच तर चेंडू गेला."

"म्हणजे?"

"तुमचा आवाज आला, म्हणून मी डावीकडे बघत होते ना." ती पाणी प्यायली आणि तिने पेला परत त्यांच्या हातात दिला. "तिसऱ्या पायरीवर उभे होतात. अगदी स्पष्ट दिसलात."